खाली कोण होते?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'हवाई दलातील अनुभव' या विषयावर पंधरा मिनिटे बोलायला सांगितले आहे. आधीच सांगतो, मी वैमानिक नव्हतो. वीस वर्षे नोकरी केली ती जमिनीवरच. विमानाला शस्त्रे लावायची, त्यांची देखभाल करायची, हे माझे काम. सुट्टीत गावी आलो की पोरे विचारायची, "काका, तुम्ही बॉम्ब टाकलेत का?" मी म्हणायचो, "टाकले नाहीत रे, लावून दिले." पोरे हिरमुसायची. पण लावून देणाऱ्याच्या मनातही प्रश्न येतात. त्यातला एक आज तुमच्यापुढे ठेवतो. युद्धात शहरावर, साध्या माणसांच्या वस्तीवर बॉम्ब टाकणे कधी योग्य ठरते का?

हा विषय आनंदाच्या कार्यक्रमात कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण आपला बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर' झाले. अतिरेक्यांच्या नऊ ठिकाणांवर मारा केला, कारवाई मोजूनमापून केली, असे आपले सरकार सांगत होते. आणि त्याच रात्री आपल्या ग्रुपवर काय चालले होते? कोणी लाहोर बेचिराख करत होता, कोणी कराची समुद्रात बुडवत होता. लिहिणारे कोण? निवृत्त मुख्याध्यापक, डॉक्टर, कृषी सहायक, दोन आजोबा आणि एक आजी. सगळी भली माणसे. त्याच दिवसांत पलीकडच्या तोफांच्या माऱ्यात पूंछमध्ये आपली साधी माणसे घरात बसल्या जागी मेली, तेव्हा याच ग्रुपवर सगळे हळहळले. ते हळहळणे खरे होते. मग लाहोरच्या घरात कोण राहते, हे आपल्या डोळ्यांपुढे का येत नाही?

भली माणसे इथवर कशी येतात, ते इतिहासात नीट दिसते. १ सप्टेंबर १९३९ ला दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लढणाऱ्या देशांना आवाहन केले, की नागरी वस्तीवर विमानातून बॉम्ब टाकू नका. सगळ्यांनी होकार भरला. जर्मनीनेही भरला, आणि त्याच महिन्यात वॉर्सा भाजून काढले. पुढे रॉटरडॅम, लंडन, कॉव्हेंट्री. ब्रिटनने आधी जर्मनीचे कारखाने लक्ष्य केले. रात्रीच्या अंधारात कारखाना सापडेना, तेव्हा शहरच लक्ष्य ठरले. फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य खच्ची करणे हा उद्देश म्हणून चक्क लिहिलेला आहे. मग हॅम्बर्ग झाले, ड्रेस्डेन झाले. आणि ९ मार्च १९४५ च्या रात्री, ज्या अमेरिकेने ते आवाहन केले होते तिच्याच विमानांनी टोकियोच्या लाकडी घरांवर आगलावे बॉम्ब टाकले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे गेली. हिरोशिमा त्यानंतर पाच महिन्यांनी.

साडेपाच वर्षांत होकारापासून टोकियोपर्यंत. मधली प्रत्येक पायरी छोटी होती, आणि प्रत्येक पायरीवर कारण तयार होते : त्यांनी आधी केले, कारखान्यात काम करणारे म्हणजे सैनिकच, युद्ध लवकर संपेल. विरोध करणारेही होते. इंग्लंडमध्ये बिशप जॉर्ज बेल यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, लॉर्ड्सच्या सभागृहात उभे राहून आपल्याच सरकारला या बॉम्बफेकीचा जाब विचारला. स्वतःच्या बाजूला विचारणे किती अवघड असते, ते आपण आपल्यावरून ओळखावे.

आता आपल्या देशातली गोष्ट. ती आपल्या शाळेच्या पुस्तकात नव्हती. ५ मार्च १९६६ ला भारतीय हवाई दलाच्या लढाऊ विमानांनी भारतातल्याच एका गावावर हल्ला केला. ते गाव ऐझॉल. आज मिझोरामची राजधानी, तेव्हा आसाम राज्यातल्या मिझो हिल्स जिल्ह्याचे ठिकाण.

पार्श्वभूमी दुष्काळाची आहे, म्हणून ती आपल्याला लवकर समजेल. मिझो डोंगरात ठरावीक वर्षांनी बांबूला फुले येतात. त्या बियांवर उंदीर बेसुमार वाढतात आणि मग शेतातले, कणगीतले धान्य फस्त करतात. त्या दुष्काळाला तिकडे 'मौताम' म्हणतात. १९५९ मध्ये तो पडला. सरकारी मदत तोकडी पडली, आणि उपाशी लोकांना मदत करायला निघालेल्या संघटनेतून १९६१ मध्ये लालडेंगा यांचा 'मिझो नॅशनल फ्रंट' उभा राहिला. आपण १९७२ पाहिले आहे. चौथी-पाचवीत होतो. खडी फोडायची कामे निघाली, सुकडी मिळाली, मिलो मिळाला. तो मिलो कसा लागायचा ते आठवून अजून तोंड वाकडे होते, पण तो आला. सरकार आपले आहे, असे वाटायला तेवढे पुरले. तिकडे ते वाटले नाही.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री बंड सुरू झाले. बंडखोरांनी स्वातंत्र्य जाहीर केले, ठाणी घेतली, खजिना लुटला आणि ऐझॉलमधल्या आसाम रायफल्सच्या छावणीला वेढा घातला. हेलिकॉप्टरने रसद पोहोचवायचा प्रयत्न गोळीबारामुळे फसला. मग तूफानी आणि हंटर जातीची विमाने आली. मशीनगनचा मारा झाला, आगलावे बॉम्ब पडले. ऐझॉलची घरे तेव्हा लाकूड, बांबू आणि पत्र्याची, डोंगरउतारावर एकाला एक लागून. दावरपुई, रिपब्लिक, ह्मेइछे, छिंगा या वस्त्या जळून गेल्या. लोक आधीच जंगलात पळाले होते, म्हणून मृतांचा आकडा लहान राहिला. तिथे तेरा नागरिक मेल्याचे सांगतात. सरकारचे उत्तर असे, की विमाने माणसे आणि रसद टाकायला पाठवली होती. आसामच्या विधानसभेत डोंगरी भागातल्या आमदारांनी आवाज उठवला, पण उर्वरित देशाला पत्ता लागला नाही.

तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेही. पण अभिमान आपला म्हणायचा, तर त्याच काळातली ही गोष्टही आपलीच म्हणावी लागते. एका माणसावर ठपका ठेवायला मी हे सांगत नाही. जबाबदारी सरकारची होती, आणि सरकार आपण निवडलेले असते.

माझा एक मित्र फौजेत होता. त्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग वेढ्यातले जवान मरू द्यायचे होते का? तीही कोणाची तरी पोरे होती." हा प्रश्न खरा आहे. तो टाळून नीतीच्या गप्पा मारणे सोपे असते. माझे उत्तर असे. छावणीवर गोळ्या झाडणाऱ्या मोर्चावर विमानातून मारा करणे, हे युद्ध आहे. त्याला मी नाही म्हणणार नाही. चार वस्त्या जाळणे ही वेगळी गोष्ट आहे. लष्कराच्या तुकड्या रस्त्याने काही दिवसांतच ऐझॉलला पोहोचल्या. आणि शस्त्राचे काम केलेला माणूस म्हणून एक सांगतो. त्या काळचा बॉम्ब सुटला की सुटला. वेगात जाणाऱ्या विमानातून तो पुढे फेकला जातो, आणि आगलाव्या बॉम्बची आग वाऱ्याच्या मर्जीने पसरते. दाट लाकडी वस्तीवर तो टाकणाऱ्याला, मला फक्त बंडखोर मारायचे होते, असे म्हणता येत नाही. काय होणार ते त्याला आधीच माहीत असते.

त्या आगीचा उपयोगही झाला नाही. जे काठावर होते ते बंडखोरांकडे सरकले. १९६७ पासून पाचशेहून अधिक गावे उठवून लोकांना पहाऱ्यातल्या वसाहतींत कोंबले गेले. शांततेचा करार व्हायला ३० जून १९८६ उजाडावे लागले, तेही त्याच लालडेंगांशी बोलून. पण मी 'उपयोग झाला नाही म्हणून चूक' असे म्हणणार नाही. उद्या एखाद्या ठिकाणी उपयोग झाला, तर काय म्हणणार? ज्याने शस्त्र उचलले नाही, त्याला शेजारी राहतो म्हणून जाळणे, हे उपयोग झाला तरी चूकच.

याचे मूळ विमानात नाही. ते "ते सगळे तसलेच" या तीन शब्दांत आहे. आणि हे शिकायला आपल्या जिल्ह्याला ऐझॉलपर्यंत जायची गरज नाही.

'रझाकारी' हा शब्द आपण सगळ्यांनी घरात ऐकला आहे. जाळलेली घरे, रानात काढलेल्या रात्री, आजी सांगायची ते सगळे खरे होते. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली. मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, निजामाच्या घोडदळाने नावापुरता प्रतिकार केला आणि शस्त्रे ठेवली. १७ तारखेला आपण स्वतंत्र झालो. इथवर आपण दरवर्षी झेंडावंदनाला ऐकतो. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले, ते ऐकत नाही. रझाकारांचा सूड ज्यांच्यावर उगवला, त्यांतले बहुतेक रझाकार नव्हते. शेतमजूर, विणकर, फकीर होते. नेहरू सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने गावोगाव फिरून अहवाल दिला. संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार. तो अहवाल २०१३ च्या सुमारास कुठे दिल्लीत लोकांना पाहायला मिळाला. त्याच अहवालात दुसरीही नोंद आहे. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवले. "सगळे तसलेच" हे त्यांना पटले नाही, कारण शेजारचा माग कोणाचा हे त्यांना नावानिशी माहीत होते.

विमानातून नाव दिसत नाही. म्हणूनच नियम लागतो. जगाने तो १९४९ च्या जिनिव्हा करारांत लिहिला. त्यांतले तिसरे कलम देशातल्या देशात चाललेल्या संघर्षालाही लागू आहे : जो लढत नाही, त्याच्याशी माणुसकीने वागायचे. भारताने त्या करारांसाठी १९६० मध्ये कायदा केला. म्हणजे ऐझॉलच्या सहा वर्षे आधी कागद तयार होता.

कागद पाळता येतो, हेही मी पाहिले आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात मी नोकरीत होतो. हवाई दलाला सरकारचा आदेश होता, नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. पहिल्या तीन दिवसांत आपली दोन लढाऊ विमाने आणि एक हेलिकॉप्टर गेले, माणसे गेली. तरी रेषा ओलांडली नाही. शिखरावरचे शत्रूचे मोर्चे हेच लक्ष्य राहिले. आणि ते युद्ध आपण जिंकलो. संयम हा भित्र्यांचा गुण आहे, असे कोणी म्हणाले तर त्याला कारगिल सांगा.

२०२३ मध्ये लोकसभेत अविश्वास ठरावाच्या चर्चेत ऐझॉलचा विषय निघाला. पुढे काही दिवस वाद रंगला तो विमान कोण चालवत होते यावर. खाली कोण होते, हे फारसे कोणी विचारले नाही. मिझो लोक मात्र २००८ पासून दर ५ मार्चला एकत्र जमून ते आठवतात.

मित्रांनो, पुढचे युद्ध कधी होईल ते आपल्या हातात नाही. त्या वेळी ग्रुपवर काय लिहायचे, ते आहे. शहराचे नाव लिहिण्याआधी एवढेच विचारा : त्या शहरात आपल्यासारखी शाळा असेल का, आणि तिथे आज वर्ग भरले असतील का? आपल्या सैनिकांसाठी जरूर लिहा, अतिरेक्यांना शिक्षा मागा, मीही मागतो. पण नातवाच्या हातात तोच मोबाइल असतो, आणि आजोबा काय लिहितात ते तो वाचतो.

मेळाव्याच्या निधीतून शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तके द्यायचे ठरले आहे. माझ्या वर्गणीतून एक कप्पा युद्धाच्या इतिहासाचा करावा, अशी विनंती करतो. त्यात परमवीरचक्र मिळवणाऱ्यांची चरित्रे असावीत, हिरोशिमा असावे, ऐझॉल असावे आणि आपल्या जिल्ह्याचे १९४८ हे साल पुरते असावे. इतिहासाच्या शिक्षकांनी मुलांना ते वाचायला द्यावे आणि मग वर्गात वाद घालू द्यावा. आपल्या गुरुजींनी आपल्याला घालू दिला होता, तसाच.

जय हिंद.