विषाची खरी माहिती कुठे शोधावी?



मी बँकेतला कारकून, कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्र शिकविण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या घरचा माणूस रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एम.आय.डी.सी.त कामाला जातो, कित्येकजण कांद्या-उसावर फवारणी करतात. हाताळतो ते विष कोणते, हे त्यांना माहीत असते काय?

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये हजारो माणसे वायूने गुदमरली. वायू नेमका कोणता, त्यावर उपचार काय, हे डॉक्टरांना नीट कळविले गेले नाही. त्याचे नाव मिथाईल आयसोसायनेट. कारखान्याबाहेर ते फारसे कुणी ऐकलेही नव्हते.

आपल्या महाराष्ट्रात २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र कालवून फवारली होती. मोनोक्रोटोफॉसवर अॅट्रोपीन हा उतारा चालतो. डायफेंथियुरॉनवर खास उताराच नाही, लक्षणे पाहूनच उपचार करावे लागतात. म्हणजे नाव न कळले तर डॉक्टरांचेही हात बांधले जातात.

मग माहिती मिळवायची कशी? पहिली गोष्ट, नाव. दुकानातले नाव निराळे आणि आतले रसायन निराळे. बँकेत एकाच नावाचे चार खातेदार असतात, म्हणून आम्ही खाते क्रमांक पाहतो. तसा प्रत्येक रसायनाला जगभर एकच 'कॅस' क्रमांक असतो. मिथाईल आयसोसायनेटचा ६२४-८३-९. हा क्रमांक वहीत लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, डब्यावरचे लेबल. कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात, तिच्यावरून हा रंग ठरतो. लाल रंगाची मात्रा वजनाच्या दर किलोला १ ते ५० मिलिग्रॅम. आकडा जितका लहान, तितके विष जहाल. मात्र हा आकडा लगेच येणाऱ्या मरणाचा आहे. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात गेल्यास काय होते, ते तो सांगत नाही. म्हणून हिरवा म्हणजे निर्धोक, असे समजू नये.

तिसरी गोष्ट, कारखान्यातील 'सेफ्टी डेटा शीट'. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे हे माहितीपत्रक ठेवणे आणि मागणी केल्यावर पाहू देणे बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या पत्रकाचे १६ भाग असतात. दुसऱ्या भागात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, अकराव्यात विषारीपणा. पत्रक माल विकणारा तयार करतो, म्हणून ते पडताळून घ्यावे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची रासायनिक सुरक्षा कार्डे त्यासाठी मोफत उपलब्ध आहेत.

अपरिचित रसायनाच्या पत्रकात पुष्कळदा 'माहिती उपलब्ध नाही' असे लिहिलेले असते. याचा अर्थ 'धोका नाही' असा मुळीच नव्हे. तपासणी झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी ते विषारीच आहे असे धरून हातमोजे, मुखपट्टी वापरावी.

आणि प्रसंग ओढवलाच, तर रोग्याबरोबर डबा किंवा लेबल दवाखान्यात न्यावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस सल्ला मिळतो.

विद्यार्थी मित्रांनो, हे सारे कागद बहुधा इंग्रजीत असतात आणि डबा उचलणाऱ्या तुमच्या वडिलांना ते वाचता येत नाहीत. तुम्ही शिकलात ते कुणाच्या घामावर? आज घरी जाऊन त्यांना एवढेच विचारा, "दादा, तुमच्या ड्रमवर काय लिहिलंय?" उद्या ते नाव उतरवून आणतील. ते वाचून, समजावून सांगणे हे तुमचे काम. शिक्षणाचा याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही.