चंद्रभागेचं माहेर

वीणेकरी, टाळकरी आणि डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या मायमाउल्यांनो,

आपण चंद्रभागेत स्नान करतो. पण तिचं माहेर कुठलं? भीमाशंकर! तिथं उगम पावते ती भीमा. पंढरीला चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून चंद्रभागा.

कर्जतवरून खांडस गाठायचं आणि गणेश घाटानं चढायचं. श्रावणात मी चढलोय. भर दुपारी वाटेवर अंधार, दगडांना शेवाळ, ढग अंगाला लागून जातो. पावसाळी रात्री कुजक्या लाकडावरची बुरशी उजळते. वाटतं, देवानंच समई लावली.

या रानात शेकरू राहतं, आपल्या राज्याचा प्राणी. ते सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातं. मधली झाडं तुटली की त्याची वाट मोडली. आपल्या दिंडीसारखंच, एकाला एक लागून असावं लागतं.

१९८५ साली इथं अभयारण्य झालं. पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या देवराई म्हणून लोकांनीच हे रान राखलं. तिथला पालापाचोळा पाऊस धरतो, हळूहळू झऱ्यांना सोडतो. रान गेलं तर पाणी पावसाबरोबरच धावून जाईल. आपल्या मानकोलीत भातखाचरं होती, तिथं गोदामं उभी राहिली. गेलेलं परत येत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

म्हणून माउली, भीमाशंकरला गेलात तर बाटली, पिशवी माघारी आणा. ज्या पाण्यात हात जोडून उतरायचं, त्याच्याच उगमाशी कचरा टाकायचा, ही कसली वारी?

राम कृष्ण हरी!