पटावरील मधला हात

यंत्रे जेव्हा परस्परांशी बुद्धिबळे खेळू लागली, तेव्हा त्यांस बुद्धी होती, परंतु हात नव्हते. १९७४ साली स्टॉकहोम येथे संगणकांची पहिली जागतिक स्पर्धा भरली व ती सोव्हिएत देशाच्या ‘काइसा’ या प्रणालीने जिंकली. बहुतेक संगणक दूरदूरच्या शहरी. त्यांच्या खेळी दूरध्वनीवरून येत. पटाशी बसलेला माणूस सोंगटी हलवी, घड्याळ दाबी आणि प्रतिपक्षाची खेळी आपल्या यंत्रास कळवी. त्याने स्वतःची अक्कल चालवावयाची नाही, असा दंडक होता. काम सांगकाम्याचे खरे. पण वाटते तितके सोपे नव्हे.

सेनापती प्रतापराव गुजर १६७४ साली जेथे धारातीर्थी पडले, त्या आमच्या नेसरीस शाळेच्या स्पर्धांत मी पुष्कळ वर्षे पंच म्हणून बसलो. एकदा हरत आलेला एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, हीच स्थिती तिसऱ्यांदा आली, डाव बरोबरीत द्या.” नियम त्याच्या बाजूचा होता. पण त्याच्या कागदावर दोन खेळी लिहावयाच्या राहिल्या होत्या, आणि माझे लक्ष तर शेजारच्या पटाकडे! मी मागणी फेटाळणार, इतक्यात जिंकत असलेला मुलगाच मान खाली घालून म्हणाला, “खरे आहे, गुरुजी.” त्याचा अर्धा गुण गेला आणि त्याबरोबर पहिला क्रमांकही.

ऑस्ट्रियातील ग्राझ शहरी २००३ च्या जागतिक स्पर्धेत हाच प्रसंग उलट्या रीतीने घडला. ‘श्रेडर’ या बलाढ्य प्रणालीचा ‘जॉनी’विरुद्धचा डाव जिंकल्यात जमा होता, पण श्रेडरमधील एका दोषामुळे तीच स्थिती तीनदा आली. जॉनीच्या पडद्यावर तशी सूचनाही उमटली. पटाशी जॉनीचा कर्ता स्वतःच बसला होता. असल्या दोषावर अर्धा गुण मिळविणे त्यास रुचले नाही. त्याने बरोबरी मागितली नाही, डाव पुढे चालविला आणि तो हरला. तक्रार झाली, निकाल कायम राहिला. त्या अर्ध्या गुणाच्या बळावर श्रेडर ‘फ्रिट्झ’च्या बरोबरीस आला व निर्णायक सामन्यात जगज्जेता ठरला. उदार झाला जॉनीचा कर्ता, भुर्दंड पडला तो मात्र बिचाऱ्या फ्रिट्झला!

मौज अशी की, हा मधला हात अनावश्यक ठरविणारी भाषा श्रेडरचेच कर्ते श्टेफान मायर-कालेन यांनी रुडोल्फ हूबर यांच्यासह २००० सालीच सिद्ध केली होती. तीत एक मध्यस्थ प्रणाली दोन्ही यंत्रांस पटाची स्थिती व उरलेला वेळ साध्या शब्दांच्या ओळींनी कळविते आणि त्यांची खेळी घेते. ती नियमात बसते की नाही हे पाहणे, पुनरावृत्ती मोजणे, बरोबरी जाहीर करणे, नोंद ठेवणे, पुढचा डाव मांडणे, हे सारे तीच करते. २०१० साली सुरू झालेल्या टी.सी.ई.सी. स्पर्धेत असे डाव रात्रंदिवस चालतात. पटाशी कोणी नसते. मला हे मान्य आहे. दुसऱ्याच्या पदरचे औदार्य नसलेलेच बरे.

माणसांच्या मोठ्या स्पर्धांतही आता पटच खेळी टिपून घेतो. डाव संपताच दोन्ही राजे मधल्या घरांत ठेवावयाचे. घरांच्या रंगावरून निकाल यंत्रास कळतो. २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तो डाव मी नेसरीस घरी बसून खेळीगणिक पाहिला. तिसऱ्या पुनरावृत्तीस मात्र माणसांच्या डावात खेळाडूने स्वतः बरोबरी मागावी लागते. पाचव्यांदा ती आली की मगच डाव आपोआप सुटतो.

शाळेसाठी तसला एक पट घ्यावा, असे आमच्याकडे चालले आहे. त्या दिवशी तो असता तर माझी फजिती टळली असती, पण त्या मुलास बोलण्याची वेळच आली नसती. मी संमती दिली आहे. मात्र मुलांनी खेळी कागदावर लिहिणे सोडू नये, एवढी अट घातली आहे.