घरमालकाची परदेशवारी

पुण्यांत माझ्या मालकीची दोन खोल्यांची एक जागा आहे, आणि तिच्यापायीं माझी झोंप किती वेळां उडाली याची गणती नाहीं. गेल्या वर्षीं मी इंग्लंडांत लीड्सला एका मित्राकडे गेलों. सहा वर्षें आम्ही संगणकावर बुद्धिबळ खेळत होतों. प्रत्यक्ष भेट ही पहिलीच. स्थानकावर त्यानें मला ओळखलें. मीं मात्र त्याला ओळखलें नाहीं, कारण छायाचित्रांतले केस मध्यंतरीं गेले होते.

तोहि घरमालक निघाला! मग पट तसाच मांडलेला राहिला. गळकें छप्पर, तुंबलेली मोरी, अपरात्रींचे दूरध्वनि, दुःखें तींच. फरक निघाला तो अनामत रकमेचा. तिकडे २००७ पासून ती सरकारमान्य योजनेंत सुरक्षित ठेवावी लागते, आणि २०१९ च्या कायद्यानें सामान्य घरासाठीं पांच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेतां येत नाहीं. कपातीवरून योजनेकडे तंटा गेलाच, तर पुरावा मालकानें द्यावयाचा. आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानें करार लेखी व नोंदलेला असण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे खरी; पण अनामत त्याच्याच खात्यांत पडून असते.

"तुमच्याकडे कसें करतां?" मित्रानें सहज विचारलें.

मीं हवेचा विषय काढला. निघण्यापूर्वींच एका तरुण जोडप्याच्या अनामतींतून रंगासाठीं मीं पंधरा हजार रुपये कापले होते, आणि भिंतींचा रंग तर तीं राहावयास येण्याच्या आधींच उडालेला होता.

परतल्यावर ते पैसे मीं पाठविले, सोबत चार ओळींचें पत्रहि लिहिलें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.