काम अर्धवेळ, हक्क पूर्णवेळ



गोंदिया जिल्ह्यात, धान आणि विडीच्या या मुलखात, महाविद्यालयांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची परिषद भरते आहे, याला अर्थ आहे. तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी नेऊन विड्या वळणाऱ्या बाईच्या कामाला ना ठरलेले तास, ना कारखान्याचे छप्पर. तरीही १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने तिला कामगारच मानले. कामगारपण घड्याळावर किंवा जागेवर ठरत नाही, हे तेव्हाच मान्य झाले. मग प्रयोगशाळेतला परिचर, ग्रंथालयातली मदतनीस, रात्रीचा चौकीदार यांच्या नावापुढे ‘अर्धवेळ’ लागले की हक्कही अर्धे कसे होतात? पगार तासांच्या प्रमाणात असावा, हे आम्हाला मान्य आहे. पण कामाचा न्याय्य दर, लेखी नेमणूकपत्र आणि संघटना बांधण्याचे स्वातंत्र्य तासांनी मोजता येत नाही. संविधानाच्या कलम १९ ने ते स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला दिले आहे.

विद्येच्या मंदिरात युनियन कशाला, हा पहिला आक्षेप. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात शिक्षणसंस्थांनाही उद्योगाच्या व्याख्येत आणले, ते तिथे राबणाऱ्यांना दाद मागता यावी म्हणूनच. दुसरा आक्षेप २००६ च्या उमादेवी निकालाचा. मागील दाराने आलेल्यांना कायम करता येत नाही, असे तो निकाल सांगतो. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात त्याच न्यायालयाने केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे राबलेल्या अर्धवेळ सफाई कामगारांना नियमित करण्याचा आदेश दिला आणि उमादेवीची ढाल करून दीर्घ सेवेचे शोषण चालणार नाही, असे बजावले. तिसरा आक्षेप पैशाचा. संस्थाचालकांची ही अडचण खरी आहे, पण ती शासनाच्या धोरणातून आली आहे. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने अनुदानित माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतील चतुर्थश्रेणी पदे रिक्त होताच संपवून त्याजागी शिपाई भत्ता आणला. महानगरपालिका नसलेल्या आपल्यासारख्या भागासाठी तो महिना ५,००० रुपये ठरला. आज शाळेत जे घडले, ते उद्या महाविद्यालयात घडू द्यायचे नसेल, तर कायम आणि अर्धवेळ कर्मचाऱ्यांनी एकाच संघटनेत उभे राहिले पाहिजे.

म्हणून कायम सेवेतील सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: परत गेल्यावर आपल्या महाविद्यालयातील प्रत्येक अर्धवेळ कर्मचाऱ्याचे नाव सभासद नोंदवहीत लिहून घ्या.