नव्या टाकीत मासे सोडण्यापूर्वी



शाळेच्या आवारात एक टाकी असावी, तीत मासे असावेत, ते पाणी खडीने भरलेल्या वाफ्यातून फिरवून पालक, पुदिना वाढवावा आणि निवळलेले पाणी पुन्हा माशांकडे परतावे, ही कल्पना मुलांना व गुरुजींना सारखीच मोहविते. तिला ॲक्वापॉनिक्स म्हणतात. व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठात १९८० नंतर तिच्यावर पुष्कळ प्रयोग झाले. माशाने टाकलेला मळ हेच झाडाचे खत, एवढे तत्त्व शेतकऱ्याच्या मुलाला न सांगताही पटते.

घोटाळा होतो तो पहिल्या महिन्यात. टाकी भरली, पाणी नितळ दिसले की त्याच दिवशी मासे आणले जातात. आठ-दहा दिवसांनी सकाळी शाळा उघडावी, तो काही मासे पाण्यावर उताणे तरंगत असतात. मुले गोळा होतात. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते उपाशी मेले. मग उरलेल्यांना दुप्पट खाद्य पडते आणि तेही जातात. जीव पाळणे आपल्याला साधत नाही, हा ठसा त्या वयात उमटला तर तो पाठ्यपुस्तकाने पुसला जात नाही.

पाणी नितळ असणे आणि ते माशांस मानवणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो; उरलेले खाद्य कुजूनही तो होतो. जुन्या तळ्यात एका जातीचे सूक्ष्म जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही द्रव्ये विषारी आहेत. नायट्राइटने माशाचे रक्त तपकिरी होते व प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ ठरते. नायट्रेट मात्र झाडे आनंदाने शोषून घेतात. या जीवाणूंचे कार्य रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास उलगडले. नव्या टाकीत हे कामकरी अजून आलेलेच नसतात.

त्यांना आणण्याची रीत विरजणासारखी आहे. निरोगी मासे असलेल्या जुन्या टाकीतील मूठभर खडी नव्या वाफ्यात मिसळावी, पंप सुरू ठेवावा आणि मासे नसतानाही रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकावे. ते कुजून होणारा अमोनिया हेच जीवाणूंचे अन्न. उबदार दिवसांत चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत अधिक. बाजारात मिळणाऱ्या रंगबदलाच्या औषधांनी पाणी तपासून आकडे मुलांकडून वहीत लिहवून घ्यावेत. प्रथम अमोनिया चढेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल. शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसेल. तो दिवस मासे आणण्याचा.

ग्रामपंचायतीचे नळाचे पाणी घेतल्यास ध्यानात ठेवावे की, त्यातील टीसीएल पावडरीचा क्लोरीन मासे व जीवाणू दोहोंनाही मारतो. पाणी उघड्यावर, उन्हात एक-दोन दिवस ठेवावे. हौद सिमेंटचा व नवा असेल, तर तो अनेकदा भरून रिकामा करावा, कारण ओल्या सिमेंटचा चुना पाण्याचा सामू फार वाढवितो.

सातारा-सांगलीचे पाणी एकसारखे नाही, हे येथे विशेष सांगावयास हवे. जत, आटपाडी, माण, खटाव भागांतील विहिरींचे पाणी बहुधा जड, साबणाला फेस न देणारे आणि वरच्या सामूचे. असल्या पाण्यात, विशेषतः उन्हाळ्यात, तेवढाच अमोनिया अधिक घातक ठरतो. तेथे मासे थोडे व खाद्य त्याहून थोडे असावे. उलट महाबळेश्वर, पाटण, शिराळा येथील डोंगरझऱ्यांचे पाणी मृदु. जीवाणूंच्या कामामुळे पाणी हळूहळू आंबटपणाकडे झुकते, आणि मृदु पाण्यात तो झुकाव आवरणारे काही नसल्याने त्यांचेच काम मंदावते. तेथे वाफ्यात थोडी चुनखडी किंवा शिंपले ठेवल्यास निभावते.

५०० लिटरच्या टाकीत प्रथम दहा-बारा गप्पी मासे पुरेत; बाकीचे महिन्याने. कटला, रोहू यांचा मोह लहान टाकीत धरू नये. माशांची पिशवी संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, तीत थोडे थोडे टाकीचे पाणी घालावे, मग मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीचे पाणी ओतू नये. त्या दिवशी खाद्य देऊ नये. मासे पृष्ठभागी येऊन धापा टाकू लागले, तर खाद्य बंद करून क्लोरीन नसलेल्या पाण्याने एक तृतीयांश पाणी बदलावे. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा आणि १९५२ साली भारतात आलेला तिलापिया आफ्रिकेचा. यांपैकी कोणताही मासा कृष्णेत वा कोयनेत सोडू नये. नदीचे स्वतःचे मासे आहेत.

आरंभ जूनमध्ये शाळा उघडताच करावा. मार्चमध्ये केल्यास मासे येतात तोच सुट्टी लागते. वीज गेली तर बादलीने पाणी वाफ्यावर घालण्याची पाळी मुलांत वाटून द्यावी आणि तो तक्ता टाकीशेजारीच लावावा, कारण रविवारीही मासे श्वास घेतात.