बेटांचा प्रवास आणि मोकळा दिवस



या व्याख्यानमालेत काल अर्थशास्त्रावर व्याख्यान झाले, उद्या संतवाङ्मयावर आहे. मधल्या दिवशी चालकांनी मला विषय दिला आहे, ‘अंदमानच्या बेटांचा प्रवास कसा आखावा’. मी सातवीपर्यंत शिकलेला, प्रेसशॉपमध्ये उमेदीची वर्षे घालवलेला आणि पुढे कामगार संघटनेचे काम करीत आलेला माणूस. माझा भूगोल आपल्या नगरवाचनालयातला. पण काही वर्षांमागे संघटनेतल्या चौदा जणांना घेऊन मी डिसेंबरात अंदमानास गेलो होतो, आणि ती सहल आखताना मी एक मोठी चूक केली. त्या चुकीवर बोलण्याचा अधिकार मात्र मला पुरेपूर आहे.

प्रथम नकाशा पाहू. अंदमान-निकोबार म्हणजे बंगालच्या उपसागरात दक्षिणोत्तर पसरलेली ८३६ लहानमोठी बेटे आणि खडक. त्यांपैकी माणसांची वस्ती जेमतेम तीसेक बेटांवर. निकोबारला सहलीसाठी सहजासहजी जाता येत नाही. उत्तर सेंटिनेल बेटाच्या जवळपासही फिरकावयाचे नाही. तेथील लोकांना आपण नको आहोत, आणि त्यांचा तो हक्क कायद्याने मान्य केला आहे. तेव्हा प्रवाशाच्या वाट्याला येतात ती मुख्यतः राजधानीचे दक्षिण अंदमान, आणि तेथून बोटीने गाठावयाची हॅवलॉक व नील ही बेटे. या दोन बेटांना २०१८ साली स्वराज द्वीप व शहीद द्वीप अशी नावे मिळाली आणि पोर्ट ब्लेअरला २०२४ साली श्री विजयपुरम. तिकिटे काढताना जुनी-नवी दोन्ही नावे ठाऊक असावीत, नाहीतर एकाच गावाला दोन गावे समजून माणूस गोंधळतो.

आता ऋतू. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तेथे मे महिन्यातच पोहोचतो. तो सरतो न सरतो तोच परतीच्या वाऱ्यांचा पाऊस आणि वादळे डिसेंबरापर्यंत अधूनमधून येत राहतात. जानेवारी ते एप्रिल हे दिवस त्यातल्या त्यात भरवशाचे. दुसरी गोष्ट घड्याळाची. घड्याळ आपलेच, पण बेटे फार पूर्वेला. डिसेंबरात पाच वाजण्याच्या सुमारास सूर्य बुडतो. तेव्हा ‘संध्याकाळी पाहू’ असे जे जे म्हणाल, ते अंधारात पाहावे लागेल. पहाटे उठा आणि समुद्रावरची कामे दुपारपर्यंत आटोपा.

पहिला दिवस सेल्युलर जेलसाठी ठेवावा. सावरकर १९११ ते १९२१ या काळात त्या बेटावर कैदी होते, म्हणून आपल्याकडचा प्रत्येक माणूस ती कोठडी पाहून येतो, आणि ते योग्यच आहे. मी तेथे आणखी एक गोष्ट पाहिली. तो तुरुंग १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधला गेला तो कैद्यांच्याच श्रमांवर. आपल्याच हातांनी आपलीच कोठडी! तेथे मांडून ठेवलेला तेलाचा कोलू पाहताना आमच्यातले चौदाही जण गप्प होते. श्रमाची सक्ती म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता माझ्या चुकीकडे येतो. मी वेळापत्रक असे बांधले होते की एकही तास वाया जाऊ नये. रजा तुटपुंजी, पैसे पै-पै करून साठवलेले. दोन दिवस हॅवलॉक, एक दिवस नील. शेवटच्या दिवशी दुपारी नीलहून बोट, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमान. कागदावर ते फार सुंदर दिसत होते. मी ते सभेत वाचून दाखवले तेव्हा टाळ्याही पडल्या होत्या.

शेवटच्या दिवशी समुद्र खवळला. धक्क्यावर पाटी लागली : आज बोट नाही.

माझे डोकेच फिरले. किनाऱ्यावर प्रवाळ दाखविणाऱ्या काचतळाच्या होड्या असतात. त्यातल्या एका होडीवाल्या तरुणाला मी गाठले. म्हटले, आम्हाला पलीकडे सोड. तो म्हणाला, “साहेब, ही होडी किनाऱ्यालगत फिरायची आहे.” मी दुप्पट पैसे देऊ केले. मग तिप्पट. तो म्हणाला, “मालक पैसे घेईल. पण सुकाणू माझ्या हातात असते. मी जाणार नाही.” त्यावर मी आवाज चढवला. मालकाकडे तक्रार करीन, असेही बोलून गेलो.

आमच्यात एक जुने सहकारी होते. उजव्या हाताची दोन बोटे त्यांनी प्रेसखाली गमावली होती. ते शांतपणे म्हणाले, “भाऊ, हे पोरगं तर तुमचंच भाषण करतंय.”

मित्रहो, गार्ड नसलेल्या मशीनमध्ये हात घालू नका, साहेब ओरडला तरी घालू नका, हे मी गेटसभांतून आयुष्यभर सांगत आलो. आणि त्या धक्क्यावर ओरडणारा साहेब मी स्वतःच होतो! २०१४ च्या २६ जानेवारीस याच बेटांजवळ परवान्याहून अधिक प्रवासी घेतलेली सहलीची होडी उलटली आणि अनेक जण प्राणास मुकले. ही बातमी मी वाचलेली होती. वाचलेले वेळेवर आठवत नाही, हेच खरे अज्ञान.

विमान चुकले. नव्या तिकिटांचा भुर्दंड बसला आणि दोघांचा पगार कापला गेला. परतल्यावर मी सभेत उभा राहून हिशेब दिला आणि चूक माझी, असे नोंदवून घेतले.

दुसऱ्या दिवशी बोट सुटली. तिच्यावर भाजीच्या गोणी होत्या, कारण राजधानीला लागणारी पुष्कळशी भाजी नीलवर पिकते. दवाखान्यात निघालेले म्हातारे होते, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेतलेले शिक्षक होते. त्यांच्यापैकी कोणीही आदल्या दिवसाबद्दल कुरकूर करीत नव्हते. ही बोट म्हणजे त्यांचा रोजचा रस्ता. आपण त्या रस्त्यावरचे पाहुणे.

म्हणून माझा सल्ला थोडक्यात असा. प्रथम दूरची बेटे करा आणि राजधानीतली ठिकाणे शेवटी ठेवा. परतीच्या विमानापूर्वी पूर्ण एक दिवस आणि रात्र राजधानीच्या बेटावर मोकळी राखा. मोठ्या बोटीची तिकिटे आधी काढा. लहान होडीत पाय ठेवण्यापूर्वी माणसे मोजा आणि जाकिटे मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर उतरा. आणि होडीवाला ‘नाही’ म्हणाला, तर त्याला नमस्कार करून मागे फिरा.

२०१६ च्या डिसेंबरात याच बेटांवर हजारांहून अधिक प्रवासी वादळाने अडकले आणि नौदलाची जहाजे पाठवून त्यांना आणावे लागले. समुद्र कोणाचेही वेळापत्रक मानीत नाही. मोकळा ठेवलेला दिवस वाया जात नाही. आठ तासांच्या पाळीत जेवणाची सुट्टी असते, तसा तो असतो. आपल्या आधीच्या पिढ्यांनी ती सुट्टी भांडून मिळवली. हा दिवस तर आपला आपणच ठेवावयाचा आहे.